‘चालेल’ आणि ‘हवंय’ : किशोरांसाठी एकटीने प्रयोग बसवताना

प्रश्न असा आहे : “मी नृत्यांगना आहे. १३ ते १६ वयाच्या मुलामुलींसाठी ४५ मिनिटांचं एकल नृत्यनाट्य बसवतेय. विषय दोन आहेत : ग्रुपमध्ये सामावून जायची धडपड आणि संमती. मंचावर दुसरं कुणी नसताना स्पर्श, दबाव, नकार कसा दाखवायचा? उपदेश वाटू नये म्हणून काय करावं? प्रेक्षकांतल्या मुलांना मंचावर बोलवावं का? आणि शेवट एका ठाम ‘नाही’वर करायचा विचार आहे, तो योग्य आहे का?”

आधी ‘विषय दोन आहेत’ या शब्दांपाशी थांबते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. मी अठरा वर्षं या वयाच्या मुलांसाठी प्रयोग करतेय. सुरुवातीला मीही हे दोन विषय वेगळे धरायचे. पूर्वार्धात ग्रुप, उत्तरार्धात संमती. प्रयोग मधोमध दुभंगायचा. पूर्वार्ध मुलं स्वतःचा समजून बघायची आणि उत्तरार्ध सुरू झाला की सावरून बसायची. आता आपल्याला काहीतरी शिकवणार, हे त्यांना लगेच कळायचं. पुढे माझ्या लक्षात आलं की विषय एकच आहे. नको असलेल्या गोष्टीला ‘हो’ म्हणायची सवय एकट्याला लागत नाही, ती चारचौघांत लागते. सगळे हसले म्हणून हसायचं, ओढून फोटोत घेतलं म्हणून उभं राहायचं, सगळ्यांनी पासवर्ड सांगितला म्हणून आपलाही सांगायचा. हीच सवय पुढे कुणीतरी वापरून घेतं.

आपल्या भाषेत या सवयीला एक तयार शब्द आहे : ‘चालेल’. हा होकारही नाही आणि नकारही नाही. त्यात माझी इच्छा कुठेच नाही, फक्त माझी हरकत मी मागे घेतलीय एवढंच आहे. ‘हवंय’ म्हणताना छाती पुढे येते, डोळे समोर असतात. ‘चालेल’ म्हणताना बहुतेकांचा एक खांदा किंचित वर जातो आणि नजर खाली किंवा बाजूला सरकते. आरशासमोर दोन्ही शब्द दहा-दहा वेळा म्हणून बघा. तुमच्या प्रयोगाचा सगळा मालमसाला त्या खांद्यात आणि त्या नजरेत आहे. माझ्या सध्याच्या प्रयोगात संवाद जवळजवळ नाहीतच. ‘चालेल’ हा एक शब्द मात्र नऊ वेळा येतो. पहिल्यांदा तो खरोखर आनंदाचा असतो, नवव्या वेळी आवाजच फुटत नाही, नुसता खांदा हलतो. आणि प्रेक्षागृहाला तो शब्द ऐकू येतो.

आता ग्रुप. एकटी नर्तकी ग्रुप कसा दाखवणार? मी रिकाम्या खुर्च्या मांडून पाहिल्या, मुखवटे वापरून पाहिले, मागे पडद्यावर सावल्याही टाकून पाहिल्या. सगळ्यांत उपयोगी पडला तो आवाज. मी माझ्याच पावलांचे ठोके सहा वेळा वेगवेगळे ध्वनिमुद्रित केले आणि एकावर एक चढवले. प्रयोगात तो सहाजणांचा ठेका स्पीकरमधून येतो आणि मी त्यात शिरायला बघते. आधी अर्धी मात्रा मागे पडते. मग घाईने पुढे जाते. मग एका क्षणी पाऊल बरोबर समेवर पडतं.

इथे एक कळकळीची विनंती. तो समेवर पडण्याचा क्षण मनापासून सुंदर करा. बहुतेक प्रयोगांत ग्रुप म्हणजे पहिल्यापासून खलनायक असतो, आणि उपदेशाचा वास तिथूनच यायला लागतो. आपल्यातलं म्हणून कुणीतरी घेतलं, ही या वयातली खरी, मोठी सुखाची गोष्ट आहे. ते सुख प्रेक्षकांना अंगभर मिळालं पाहिजे, त्यांनी नकळत पायाने ठेका धरला पाहिजे. मग त्याच ठेक्यात, एकही मात्रा न बदलता, हातांची एक हालचाल हळूहळू कुणाची तरी चालायची नक्कल होऊन बसते. चिडवणं सुरू झालंय हे मला कळतं, प्रेक्षकांना कळतं, आणि पाय मात्र ठेक्यातून बाहेर पडत नाहीत. कारण बाहेर पडायचं म्हणजे पुन्हा ती अर्धी मात्रा मागे, पुन्हा एकटं.

हे मी नुसतं मनाने म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ च्या सुमारास केलेले रेषांचे प्रयोग तुम्ही ऐकले असतील. तीन रेषांतली कोणती समोरच्या रेषेएवढी आहे, एवढंच सांगायचं. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसतंय. पण खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी ग्रुपमागे जाऊन चुकीचं उत्तर दिलं. आपल्या कामाचा भाग पुढचा आहे : खोलीत फक्त एक माणूस खरं बोलणारा निघाला, की हे असं मागे जाणं आधीच्या जवळपास चौथाईवर आलं. तो एक माणूस लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे. दुसरा एक अभ्यास २००५ चा, गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा. गाडी चालवायच्या खेळात १३ ते १६ वर्षांची मुलं मित्र शेजारी असताना एकटी असण्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती, आणि मोठ्या माणसांत हा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणजे ‘एवढं कसं कळत नाही तुम्हाला’ या प्रश्नाला या वयात अर्थ नसतो. एकटं असताना त्यांना कळतं. शेजारी मित्र असताना ते कळणं मागे पडतं. तुमच्या प्रयोगात रागाऐवजी ही समज असेल, तर मुलं तुमच्याबरोबर राहतील.

स्पर्शाबद्दल सविस्तर लिहिते, कारण एकल प्रयोगाची खरी ताकद तिथे आहे आणि लोक त्याला अडचण समजतात.

आपल्याकडे एकाहार्य अभिनयाची जुनी रीत आहेच : एकच कलाकार, वेश न बदलता, नजरेची दिशा आणि अंगाचा कल बदलून अनेक पात्रं उभी करतो. ती रीत वापरा, पण एक पथ्य पाळा. स्पर्श करणाऱ्याचं पात्र रंगवू नका. रंगवलंत की मुलं त्याला ‘वाईट माणूस’ म्हणून बाजूला काढतात आणि ‘मी काही तसा नाही’ म्हणून सुटतात. मी फक्त हात ठेवते. माझाच उजवा हात, कोपरापर्यंत वेगळ्या रंगाची बाही, तो हात दुसऱ्याचा. तो येतो आणि डाव्या खांद्यावर पडतो. आठ मात्रांचा तुकडा आहे. पहिल्यांदा दुसऱ्या मात्रेला खांदा सैल होतो, मान त्या बाजूला कलते, श्वास लांब होतो. मैत्रीण आहे. चार मिनिटांनी तोच हात, तोच वेग, तेवढंच वजन, त्याच आठ मात्रा. पण आता तिसऱ्या मात्रेला श्वास अडकतो. चौथीला गळ्यापाशी शीर ताणली जाते. पाचवीला हसू येतं, आणि ते फक्त ओठांवर राहतं. सातवीला मी घड्याळ बघते. हात बदललेला नाही, बदललेय ती मी. स्पर्श चांगला की वाईट हे लांबून बघून ठरत नाही, ज्याच्या अंगावर तो होतो त्याला विचारावं लागतं, हे मुलांना त्या आठ मात्रांत दिसतं. एक शब्द न बोलता.

हे साधायला तालमीत मी दोन गोष्टी वापरते. एक, नृत्य आणि हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीच्या प्रवाहाचं केलेलं मुक्त आणि बद्ध असं वर्णन. मुक्त हालचाल मध्येच थांबवणं अवघड असतं, बद्ध हालचाल कुठल्याही क्षणी थांबवता येते, कारण स्नायू आधीच आवळून धरलेले असतात. पहिला खांदा मुक्त, दुसरा बद्ध. सगळा फरक एवढाच ठेवा, चेहऱ्याने काही सांगायला जाऊ नका. दुसरी गोष्ट अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांची. १९७२ मध्ये त्यांनी कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनची, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शातून आणि वजनातून आयत्या वेळी सुचत जाणाऱ्या नृत्याची, सुरुवात केली, आणि त्यात नुसतं उभं राहायचा एक सराव आहे. काहीही न करता उभं राहायचं आणि तोल सांभाळण्यासाठी शरीर आपोआप करत असलेल्या बारीक हालचाली टिपायच्या. रोज दहा मिनिटं करा. ज्या कलाकाराला स्वतःच्या घोट्यातली थरथर जाणवत नाही, तिला होकाराआधीचा तो अर्धा क्षण दाखवता येणार नाही, आणि तुमचा प्रयोग त्या अर्ध्या क्षणाचाच आहे.

जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांच्या १९७८ च्या ‘कॉन्टाक्टहोफ’ या नृत्यनाट्यात एक प्रवेश आहे : एका स्त्रीभोवती पुरुष जमतात आणि कुरवाळल्यासारखे, थोपटल्यासारखे हलके स्पर्श करत राहतात. एकेकटा पाहिला तर प्रत्येक स्पर्श किरकोळ वाटावा, पण ते थांबत नाहीत आणि बघता बघता तो हल्ला होतो. २००८ मध्ये हीच रचना १४ वर्षांपुढच्या मुलामुलींना घेऊन पुन्हा उभी केली होती. यातून मी एवढंच घेतलं की मोठा प्रसंग लागत नाही. बलात्कार, अपहरण असलं काही मंचावर आणू नका. पेन्सिल न विचारता घेणं, केसांना हात लावणं, फोन हातातून काढून घेणं, ‘एवढं काय त्यात’, ‘मस्करी केली गं’. या वयाच्या प्रत्येकाला हे दोन्ही बाजूंनी माहीत असतं.

दोन्ही बाजूंनी म्हणाले, ते मुद्दाम. तुमच्या प्रश्नात नकार देणारी व्यक्ती आहे, नकार ऐकणारी नाही. बहुतेक प्रयोगांत ती नसतेच. एक प्रवेश असा करा की तुमचं पात्र काहीतरी मागतंय, मनापासून, आणि समोरून ‘नको’ येतंय. मी हा प्रवेश पूर्ण पाच मिनिटं करते. आधी कान गरम होतात. मग ‘का पण?’ तोंडावर येतं. मग विनवणी, मग रुसवा, मग ‘बाकीच्यांना तर चालतं’. प्रत्येक पायरीवर मी अर्धं पाऊल पुढे टाकते, आणि नजर ठेवलेला तो न दिसणारा माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो. हे माझ्या डोळ्यांच्या अंतरावरून कळतं. शेवटी तो भिंतीला टेकतो. ते मला दिसतं. मी थांबते, मागे येते, श्वास सोडते आणि म्हणते, “बरं.” हा ‘बरं’ मिळायला मला तालमीत तीन आठवडे लागले. त्यात अपमान उरता कामा नये, पण दुःख असलं पाहिजे, कारण नकाराचं दुःख होतं आणि ते झालं तरी माणूस नीट राहतो. मुलगे या प्रवेशाला सगळ्यांत जास्त शांत असतात. मुलगा म्हणजे मागणारा आणि मुलगी म्हणजे नाकारणारी, असं मात्र कुठेही बांधून टाकू नका. ‘चालेल’ म्हणत गुदमरलेले मुलगे प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

मुलं हसतील. हमखास, नेमक्या नको त्या क्षणी. ते हसणं अवघडलेपणाचं आहे. आवाज चढवून त्यावर मात करायला जाऊ नका, तसंच धरून थांबा. हसण्याची पहिली लाट जाते, मग एक छोटी शांतता, मग दुसरी बारीक लाट. दुसऱ्या लाटेनंतरच्या शांततेत पुढची हालचाल सुरू करा.

मुलांना मंचावर बोलवण्याबद्दल. इथे माझ्या हातून झालेली चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगात नाचाचा भाग रंगात आला होता. मी उतरून पहिल्या रांगेतल्या एका मुलीचा हात धरला आणि तिला मंचावर आणलं. ती हसत आली, दोन मिनिटं नाचली, टाळ्या पडल्या. मला वाटलं, काय सुरेख झालं. आठवड्याने छायाचित्रं आली. एका छायाचित्रात तिचा एक हात माझ्या हातात आहे, ती हसतेय, आणि तिच्या दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरलाय. बोटांची पेरं पांढरी पडलीत. संमतीवरच्या प्रयोगात, शंभर मुलांसमोर, मी एका मुलीला ‘चालेल’ म्हणायला लावलं होतं. ते छायाचित्र आजही माझ्या तालमीच्या वहीत आहे. त्यानंतर मी एकाही मुलाला मंचावर आणलेलं नाही. शंभरजणांच्या नजरेसमोर विचारलेल्या प्रश्नाला मोकळा होकार देता येत नाही, मग तुम्ही कितीही गोड विचारा.

प्रयोगाची मांडणीही याच नियमाने चालली पाहिजे. सुरुवातीला मी पात्रात न शिरता दोन मिनिटं बोलते : प्रयोगात काय काय दिसेल, किती वेळ चालेल, कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर दार उघडं आहे, बाहेर अमुक व्यक्ती बसली आहे, ती ‘काय झालं’ असं विचारणार नाही. प्रेक्षागृहात पूर्ण अंधार करत नाही. शंभराच्या वर मुलं घेत नाही. शिक्षकांना रांगांच्या टोकाला पहाऱ्यासारखं उभं राहू देत नाही, त्यांनीही मुलांमध्ये बसावं. चित्रीकरण नाही, आणि ‘नाही’ का, तेही सांगते : इथे बसलेल्या कुणालाच कुणी विचारलेलं नाही.

प्रयोगानंतरची चर्चा प्रयोगाइतकीच अवघड आहे. हात वर करून प्रश्न विचारायला लावू नका. जिला काही झालंय, तिचा हात वर जाणार नाही, आणि गेला तर सगळी शाळा बघेल. मी प्रत्येकाला कागद आणि पेन देते आणि सगळ्यांनी काहीतरी लिहायचंच असं सांगते, काही सुचलं नाही तर चित्र काढा, रेघोट्या ओढा. सगळ्यांची डोकी खाली असली की कोण मनापासून लिहितंय ते दिसत नाही. समुपदेशक हजर असल्याशिवाय प्रयोग करायचा नाही, ही माझी अट आहे. आपण कलाकार आहोत, ते काम आपलं नाही. कुणी येऊन “कुणाला सांगणार नसाल तर सांगते” म्हणालं, तर तसं वचन देऊ नका. “तुला सुरक्षित ठेवायला एका माणसाला सांगावं लागलं, तर ते कुणाला हे आधी तुलाच सांगेन,” इतकं खरं बोला. तो एक माणूस कोण, हे शाळेशी प्रयोगाआधीच ठरलेलं असू द्या.

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल यांच्या, प्रेक्षकांनाच प्रसंगात उपाय सुचवायला लावणाऱ्या फोरम थिएटरच्या पद्धतीने प्रसंग थांबवून ‘तिने काय करायला हवं होतं?’ असं विचारायचा मोह होईल. मला ती पद्धत प्रिय आहे, पण या विषयात हा प्रश्न मी विचारत नाही. त्याची सगळी उत्तरं ‘तिने जोरात नाही म्हणायला हवं होतं’ इथेच येऊन थांबतात, आणि ज्या मुलीला म्हणता आलं नव्हतं ती तिसऱ्या रांगेत बसून ते ऐकत असते. मी विचारते : त्या ठेक्यातल्या बाकी सहाजणांपैकी एकाने काय केलं असतं तर तिचं पाऊल बाहेर पडणं सोपं झालं असतं? ॲश यांचा तो एक माणूस इथे येतो. मुलांची उत्तरं अगदी साधी असतात. ‘मी तिला पाणी प्यायला चल म्हटलं असतं.’ ‘मी हसलो नसतो.’ एवढ्यानेही कितीतरी बदलतं.

म्हणून ठाम ‘नाही’चा शेवट करू नका असं मी सांगेन. तो टाळ्या घेतो, हे मी अनुभवलंय. पण भीतीने शरीर गोठतं, आवाज निघत नाही, हे खरं आहे. स्टॉकहोममधल्या बलात्कार पीडितांसाठीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातल्या ७० टक्के जणींनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीयरीत्या गोठल्याचं सांगितलं. ज्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही, त्याला तुमच्या शेवटी आपणच कमी पडलो असं वाटेल. ओझं नकार देणाऱ्याकडून काढून विचारणाऱ्याकडे सरकवा. शेवट प्रश्नावर करा.

माझा शेवट असा आहे. ठेका बंद होतो. मी ती वेगळ्या रंगाची बाही काढून घडी घालून ठेवते. मंचावरून खाली येते. पहिल्या रांगेच्या टोकाला एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. शेजारी बसलेल्या मुलापासून चार हातांवर थांबते आणि हळू, फक्त त्याला आणि आसपासच्या दोघातिघांना ऐकू जाईल असं विचारते, “इथे बसू?” आणि खरोखर थांबते. बहुतेक जण मान हलवतात. ती हललेली मान मी नीट बघते. खांदा वर गेला, नजर सरकली, तर मी बसत नाही, “असू दे” म्हणून जमिनीवर बसते. मागच्या वर्षी एका मुलाने सरळ माझ्याकडे बघून “नको” म्हटलं. मागे कुणीतरी हसलं. मी म्हणाले, “बरं,” आणि दोन पावलं मागे जाऊन जमिनीवर बसले. दिवे जाईपर्यंत आम्ही दोघं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो.

पहिली तालीम चार-पाच मुलांसमोर करा, त्यांच्या आणि पालकांच्या परवानगीने. आवडलं का, असं विचारू नका, त्याला ‘हो’ म्हणतील. कुठल्या क्षणी नजर खाली गेली, एवढंच विचारा आणि ते क्षण लिहून घ्या.